घोड्यांच्या टापा आणि कलामूल्य

फिल्म सोसायटीवाले एक नाव भक्तीने घेतात : ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’, १९१५. आशय वाईट, पण कला थोर, असं म्हणून चहा ढवळतात. (आपल्या कवितेला हेच लोक उलटं सांगतात : आशय ठीक, पण कला कुठाय?)

बघू तर खरं ही कला. गोऱ्या नटाने तोंड काळं करून उभा केलेला काळा ‘गस’ गोऱ्या पोरीच्या मागे लागतो. ती कड्यावरून उडी घेते. क्लॅनवाले गसला ठार करतात. शेवटी झोपडीत कोंडलेले गोरे, आणि दौडत येणारे पांढऱ्या झग्यातले घोडेस्वार. एकदा हे दाखव, एकदा ते. खुनी टोळी कधी एकदाची पोचते असं तुम्हा-आम्हालासुद्धा वाटायला लावणं, हेच त्या थोर संकलनाचं काम. आणि पोचून करतात काय? मतदानाच्या दिवशी काळ्यांच्या दारासमोर बंदुका घेऊन उभे राहतात. कला न् आशय सुटे कुठून करणार?

युद्ध हरलेल्या दक्षिणेतल्या सैनिकांनी टेनेसीत काढलेली मूळ क्लॅन १८७१ नंतर कायद्याने अन् लष्कराने मोडली होती. जळता क्रूस तिच्याकडे नव्हताच. तो टॉमस डिक्सनच्या १९०५ च्या कादंबरीतून पडद्यावर आला, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये सिमन्स नावाच्या इसमाने जॉर्जियात स्टोन माउंटनवर खराच पेटवला. अटलांटात सिनेमा लागला तेव्हा त्याच्या जाहिरातीशेजारी क्लॅनची जाहिरात! दहा वर्षांत सभासद लाखोंनी.

ही टोळी मनपरिवर्तनाने नाही खचली. १९४४ मध्ये थकलेल्या आयकराने तिचं दुकान बंद पाडलं. पुढे वेगवेगळ्या नावांनी पुन्हा उभी राहिली. १९८१ मध्ये मोबिल शहरात मायकेल डोनाल्ड या एकोणीस वर्षांच्या पोराला मारून झाडाला टांगलं. आई कोर्टात गेली. १९८७ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीने सत्तर लाख डॉलर लावले. युनायटेड क्लॅन्सची टस्कलूसातली इमारत आईच्या नावावर झाली.

काळ्यांचा ऑस्कर मिशो १९२० मध्येच ‘विदिन अवर गेट्स’ काढून बसला होता. त्यात गोऱ्यांचा जमाव काळ्या कुटुंबाला फासावर देतो, आणि हात टाकणारा पुरुष गोरा आहे. त्याची हरवलेली प्रत १९७० च्या दशकात स्पेनमध्ये सापडली. सोसायटीवाल्यांकडे तो मागा. नाही म्हणाले तर कारण लिहून मागा.