चावडी उघडी, पण बसणारे किती?

सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ मैंदर्गी हे नगरपरिषदेचे गाव आहे. कानडी आणि मराठी दोन्ही भाषा इथे कानावर पडतात. गावाचे नाव कोणी ‘मैंदर्गी’ लिहितो, कोणी ‘मैंदरगी’. समजा, इथल्या एखाद्या वर्गाने मराठी विकिपीडियावरील आपल्या गावाची नोंद सुधारायला घेतली; तर शीर्षक कोणते ठेवायचे आणि ते ठरवायचे कोणी? प्रश्न शुद्धलेखनाचा दिसतो, पण आहे तो कारभाराचा. म्हणून या ज्ञानकोशाच्या मजकुराऐवजी त्याचा कारभार आम्ही इथे तपासून पाहत आहोत.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघाला. तिथे नोंदीखाली लेखकाचे नाव असते. परंतु संपादनात कोणते वाक्य का गळले, हे छापील पानावरून वाचकाला कळत नाही. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत वेगळी आहे. प्रत्येक नोंदीला ‘इतिहास’ जोडलेला असतो. कोणत्या खात्यावरून, केव्हा, काय बदलले ते त्यात दिसते. मतभेदांसाठी ‘चर्चा’, सर्वांच्या प्रश्नांसाठी ‘चावडी’ आणि निर्णयासाठी ‘कौल’. पाने वगळण्याचे किंवा एखाद्याला लिहिण्यापासून रोखण्याचे अधिकार ‘प्रचालकां’कडे असतात. हे सारे ज्या आज्ञावलीवर चालते, ती मीडियाविकीही मुक्तस्रोत आहे. एखाद्या भाषेच्या विकिपीडियाने मोठा बदल मागितला, तर तंत्रज्ञ आधी विचारतात, ‘तुमच्या लोकांची संमती कुठे नोंदली आहे?’ ही शिस्त आम्हाला मोलाची वाटते.

तरीही आमचे आक्षेप आहेत. पहिला असा, की बदल करताना कारण लिहिण्यासाठी एक ओळ दिलेली असते, पण ती कोरी ठेवली तरी बदल जतन होतो. म्हणजे ‘काय’ हे नेहमी उरते, ‘का’ हे मात्र लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. नव्याने लिहू लागलेल्या विद्यार्थ्याचा परिच्छेद उडाला आणि कारण सापडले नाही, तर उघडे दारही त्याला बंदच वाटणार.

दुसरा आक्षेप संख्येचा. वाचणारे पुष्कळ, नियमाने लिहिणारे थोडे आणि कौलात बोलणारे त्याहून थोडे. अशा वेळी इतरांचे मौन हीच संमती ठरते. याचा दोष मोजक्या काम करणाऱ्यांना देणे अन्यायाचे होईल. तो आपल्यासारख्या वाचकांकडेही येतो. जुनी चावडीही गावाच्या मधोमध असे, पण तिच्यावर चढून बोलण्याची मुभा स्त्रियांना आणि दलितांना नसे. आज कोणी अडवत नाही. तरी संगणक, वेळ आणि लिहिण्याचा धीर नसलेला माणूस बाहेरच राहतो.

पायथॉन या संगणकीय भाषेचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. तिचे जनक गिदो व्हान रॉसम यांचा शब्द तिथे अखेरचा मानला जाई. २०१८ साली एका प्रस्तावावर कडाक्याचा वाद झाला; प्रस्ताव मंजूर करून ते या अधिकारपदावरून दूर झाले. पुढे, २०१९ पासून, पाच जणांचे निवडून आलेले मंडळ काम पाहू लागले. घडी विस्कटली नाही, याचे एक कारण आम्हाला असे दिसते, की तिथे महत्त्वाचे प्रस्ताव युक्तिवादासह लिहून ठेवण्याची प्रथा आधीपासून होती. फेटाळलेले प्रस्तावही पुसले जात नाहीत. फसलेल्या प्रयोगाची नोंद वहीत ठेवणाऱ्या विज्ञानशिक्षकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तेव्हा मैंदर्गीच्या त्या वर्गाने काय करावे? नगरपरिषदेची पाटी, शाळेचे दाखले, एसटीचे फलक, जनगणनेची पुस्तके पाहावीत. आजी-आजोबांचा कानडी उच्चार ऐकावा. आणि सापडलेले पुरावे ‘चर्चा’ पानावर मांडून मगच शीर्षकाला हात लावावा. दुसरे रूप पुसण्याचीही गरज नाही. ते शोधणारा वाचक त्याच नोंदीवर पोचेल, अशी सोय मीडियाविकीत आहे. कोणते रूप जिंकले, ही गोष्ट दुय्यम आहे. दहा वर्षांनी येणाऱ्या मुलाला हा निर्णय का झाला ते वाचता यावे आणि पुरावा मिळाल्यास तो बदलताही यावा. मुक्त कारभाराची आमची कसोटी एवढीच आहे.