आग आणि मेन स्ट्रीट : नँटकेटच्या पुनर्रचनेचा एक विचार

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडे असलेल्या नँटकेट बेटावरील बंदरगावाच्या मुख्य रस्त्याविषयी, म्हणजे मेन स्ट्रीटविषयी, लिहिताना एक विधान हटकून केले जाते : त्याचे आजचे रूप १८४६च्या आगीने घडविले. हे विधान निराधार नाही. मात्र नव्या इमारतींच्या शैलीचे श्रेय जेव्हा आगीस दिले जाते, तेव्हा ते मान्य करणे कठीण होते.

१३ जुलै १८४६च्या रात्री या रस्त्यावरील टोप्यांच्या एका दुकानात आग लागली. लाकडी घरे एकमेकांस खेटून उभी होती आणि धक्क्यालगत देवमाशाच्या तेलाची कोठारे होती. पिंपे फुटून पेटते तेल बंदराच्या पाण्यावर पसरले. आग अडविण्यासाठी काही घरे सुरुंगाने उडवावी लागली. सुमारे एकतृतीयांश गाव आणि त्यातील बहुतेक बाजारपेठ जळाली. पुनर्रचनेत मेन स्ट्रीटचा खालचा भाग रुंद करण्यात आला व दुतर्फा विटांच्या दुकानांच्या ओळी उभ्या राहिल्या. रस्त्याची रुंदी आणि विटेची निवड ही आगीची देणगी होय, हे निःसंशय.

परंतु शैलीचे काय? ग्रीक पुनरुज्जीवन शैली येथे आगीने आणली नाही. देवमाशाच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या जोसेफ स्टारबक याने आपल्या तीन मुलांसाठी विटांची तीन जुळती घरे १८३६ ते १८३८ या काळातच बांधून घेतली होती. रस्त्याच्या वरच्या भागातील हॅडवेन कुटुंबाचे स्तंभयुक्त घर आगीपूर्वीचेच आहे. अभिरुची अगोदरच बदललेली होती. आगीने तिला मोकळी जागा दिली एवढेच. याहून बोलका पुरावा अथीनियम या ग्रंथालयाचा. ते आगीत जळाले व १८४७ मध्ये फ्रेडरिक ब्राऊन कोलमन याच्या आराखड्यानुसार भव्य स्तंभांसह पुन्हा उभे राहिले, पण लाकडातच! आगीने सर्वांस विटेचा धडा शिकविला, हे म्हणणे निदान ग्रंथांच्या घरापुढे टिकत नाही. (आगीतून वाचलेली १८१८ची पॅसिफिक बँक विटेचीच होती; तिच्या छपरावरून अथीनियमच्या ग्रंथपाल मारिया मिचेल यांनी १८४७ मध्ये धूमकेतू शोधला.)

आता प्रश्न असा की, नवी बाजारपेठ नंतर पुन्हा बदलली का नाही? याचे उत्तर आगीत सापडत नाही, ते व्यापाराच्या पडझडीत सापडते. आगीच्या आधीच न्यू बेडफर्डचे बंदर पुढे गेले होते. १८४९ पासून कॅलिफोर्नियाच्या सोन्याने तरुणांना ओढून नेले. १८५९ नंतर खनिज तेलाने देवमाशाच्या तेलाची किंमत हिरावून घेतली. १८४० मध्ये ९,००० असलेली लोकसंख्या १८७० मध्ये ४,१०० च्या आसपास आली. ज्यांच्याकडे नवी इमारत बांधण्यास पैसा नव्हता, त्यांनी जुनीच वापरली. १८४७ नंतरची ती दुकाने म्हणूनच दुसऱ्या कोणत्याही शैलीस जागा न देता उभी राहिली.

पुढे सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांनी गावास पुन्हा उत्पन्न दिले, आणि १९५५ मध्ये राज्याच्या कायद्याने हा ऐतिहासिक विभाग संरक्षित झाला. त्या कायद्याने जपले ते सुबत्तेच्या अखेरच्या वर्षांतील बांधकाम आणि त्यानंतरच्या गरिबीने अबाधित राखलेला रस्ता.