निर्वासिताचा करीना : कागद, नाव आणि निवेदन

मराठीतील ‘निर्वासित’ हा शब्द घर सुटलेल्या माणसाचा निर्देश करतो. हिंदीतील ‘शरणार्थी’ हा आसरा मागणाऱ्याचा. एका शब्दात मागे राहिलेले घर आहे, तर दुसऱ्यात समोरचे दार. निर्वासितांच्या साहित्याची चर्चा बहुधा पहिल्या शब्दाच्या अर्थकक्षेत फिरते. गमावलेली भूमी, स्मरणव्याकुळता आणि तुटलेपण ही तिची परिचित आशयसूत्रे होत. दाराशी कोणते प्रश्न विचारले जातात आणि उत्तराचे रूप कोण ठरवते, याकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. वास्तविक हा प्रश्न जितका कायद्याचा, तितकाच निवेदनाचाही आहे. अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘बाय द सी’ (२००१) ही कादंबरी आणि तेनझिन त्सुंदू यांचे लेखन एकत्र वाचल्यास तो स्पष्ट होतो.

गुर्ना स्वतः १९६०च्या दशकाच्या अखेरीस झांझिबारहून इंग्लंडला आले. २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कादंबरीतील सालेह ओमर हा वयस्क गृहस्थ गॅटविक विमानतळावर उतरतो, तो दुसऱ्याच्या नावाच्या पारपत्रावर. इंग्रजी येत असूनही तो ती येत नसल्याचे भासवतो. त्याच्याजवळची उदाची पेटी अधिकारी काढून घेतो. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार अर्जदाराने छळाची साधार भीती पटवून द्यावी लागते. म्हणजेच आश्रय मिळण्यासाठी विश्वासार्ह कथा सांगावी लागते. ओमर नेमकी तीच सांगत नाही. त्याचे मौन ही केवळ युक्ती नाही. आपली कथा कोणापुढे, केव्हा आणि कोणत्या क्रमाने सांगायची, हा उरलेला एकमेव अधिकार तो त्या मौनाने राखून ठेवतो.

सत्तेपुढे सादर करण्यासाठी रचलेले कथन मराठीला अपरिचित नाही. ऐतिहासिक गद्यातील ‘करीना’ आणि ‘कैफियत’ हे प्रकार हक्क शाबीत करण्याच्या गरजेतून घडले. वतनाचा वादी आपल्या घराण्याची हकीकत सांगतो, ती रंजनासाठी नव्हे, निवाड्यासाठी. निर्वासिताचा जबाब याच जातीचा आहे. करीन्याला मात्र प्रतिपक्ष असतो, आणि गुर्नांच्या रचनेचे मर्म येथे आहे. ओमरने ज्याचे नाव घेतले, त्या रजब शाबानचा मुलगा लतीफ इंग्लंडमध्येच आहे. रजब शाबानचे घर एकेकाळी कर्जाच्या कागदांच्या आधारे ओमरच्या ताब्यात गेलेले असते. पुढे तोही राज्यसत्तेच्या कोपाला बळी पडून तुरुंगात वर्षे काढतो. दोघांची भेट योगायोगावर बेतलेली आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या योगायोगामुळेच ओमरची कथा सरकारी अधिकाऱ्याऐवजी तिच्यावर खरोखर हरकत घेऊ शकणाऱ्या माणसापुढे येते. निर्वासित हा निव्वळ निष्पाप पीडित असावा, ही आश्रयदात्या समाजाची अपेक्षा कादंबरी येथे नाकारते.

त्सुंदू यांच्या लेखनातील परिस्थिती वेगळी आहे. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी समाजाच्या, येथेच जन्मलेल्या पिढीचे ते कवी. २००१ साली पुरस्कारप्राप्त ठरलेल्या त्यांच्या ‘माय काइंड ऑफ एक्झाइल’ या निबंधात तीन कार्यालयांत नोंदलेल्या तीन वेगवेगळ्या जन्मतारखांचा उल्लेख आहे. ओमरपाशी दुसऱ्याचे नाव आहे. त्सुंदूंपाशी नाव स्वतःचे, पण जन्मदिवस निश्चित नाही. भारताने १९५१च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे येथील तिबेटी माणसाकडे राज्यसत्तेने कथा नव्हे, हजेरी मागितली. त्याची कायदेशीर ओळख परकीय म्हणून मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्राची होती, आणि दीर्घकाळ त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागे. हा भेद वाङ्मयरूपातही उतरतो. गुर्नांकडे दीर्घ, परस्परांना छेद देणारी निवेदने आहेत. त्सुंदूंकडे छोटी कविता, आत्मपर टिपण, उपरोधिक नोंद.

नागरिकत्वाचा पेच या लेखनाला अधिक धार देतो. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतो, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. मात्र २०१७च्या सरकारी सूचनांनी भारतीय पारपत्र घेण्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र परत करण्याची आणि वसाहतीतील निवास सोडण्याची अट घातली. कर्नाटकातील बैलकुप्पे असो वा गोंदिया जिल्ह्यातील नोर्ग्येलिंग, अशा वसाहतीत वाढलेल्याला देश मिळवण्यासाठी पुन्हा घर सोडावे लागावे, हा त्या अटीचा अर्थ. कायद्याच्या भाषेत प्राप्ती असलेली गोष्ट समूहाच्या भाषेत त्याग ठरू शकते. म्हणून या लेखनातील परकेपणाला केवळ वंचना म्हणून वाचणे अपुरे आहे. परतीचा दावा जिवंत ठेवण्याची ती एक भूमिकाही आहे.

तौलनिक अभ्यासापुढील प्रश्न येथून सुरू होतो. निर्वासितांच्या साहित्यकृती वाचताना त्यांतील दुःखाची सत्यता पारखत बसल्यास समीक्षक नकळत विमानतळावरील अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसतो. त्याच्यापुढची कृती अर्ज नसते, आणि तिच्यावर निवाडा द्यायचा नसतो. कोणत्या प्रश्नांच्या दडपणाखाली ती घडली आणि त्यांपैकी कोणत्या प्रश्नांना तिने उत्तर देण्याचे नाकारले, हे पाहणे हे त्याचे काम होय.