‘रोहिणीदाह’ आणि ‘फोटो’ : रोगनिदानातील दोन शब्दांचे परीक्षण

वैद्यकीय परिभाषेचे परीक्षण बहुधा व्युत्पत्तीच्या कसोटीवर केले जाते. एखादा शब्द रुग्णाकडून योग्य उत्तर मिळवून देतो काय, ही कसोटी आपण क्वचितच लावतो. ‘रोहिणीदाह’ ही संज्ञा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

‘धमनी’ हा शब्द ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूपासून आला. मराठी विश्वकोशाने त्याऐवजी ‘रोहिणी’ पत्करला. त्यात अर्थहानी नाही. अडचण आहे ती ‘दाह’ या उत्तरपदात. शास्त्रात दाह म्हणजे ऊतींतील शोथप्रक्रिया. बोलीत दाह म्हणजे आग. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली ज्या रोगाचे नेत्रगत लक्षण नोंदविले, तो मुख्यतः तरुण स्त्रियांना होतो व भारतातही आढळतो. त्यात महारोहिणी व तिच्या शाखा यांच्या भिंती सुजतात. परंतु आग होतेच असे नाही. शहापूर-मुरबाडकडे आवणी करणाऱ्या एखाद्या तरुणीस ‘दाह होतो का?’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरेच असेल. काम करताना हात भरून येतो काय, हे तिला विचारावयास हवे. नाडी व रक्तदाब दोन्ही हातांवर पाहावयास हवे.

दुसरा शब्द ‘फोटो’. ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ ऐकणारा ‘रोग नाही’ असा करतो. वस्तुतः रूढ अँजिओग्राफीत औषध रोहिणीच्या पोकळीत भरते. उमटते ते प्रवाहाचे चित्र. रोग मात्र भिंतीत असतो. तानसाचे पाणी मुंबईस नेणारे प्रचंड नळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सहज पटेल : आतील पाणी पाहून नळाच्या पत्र्याची जाडी कळत नाही. पोकळी अरुंद होईपर्यंत हे चित्र निर्दोष दिसू शकते. सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय यांत भिंतही पाहता येते. म्हणूनच युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या शिफारशींत या रोगाच्या निदानासाठी एमआरआयला अग्रक्रम दिला आणि रूढ अँजिओग्राफी वगळली.

तथापि सोनोग्राफीलाही मर्यादा आहे. मानेतील रोहिणी तीत चांगल्या दिसतात. छातीतील महारोहिणी नीट दिसत नाही. तेव्हा मानेची तपासणी निर्दोष ठरली, एवढ्यावरून रोग नाही असे म्हणणे हा तर्कदोष होय.

प्रस्तुत लेखकाच्या मते रुग्णाशी बोलताना ‘दाह’ सोडून ‘रोहिणीच्या भिंतीची सूज’ असे म्हणावे. ‘सूज’ म्हटल्यावर हातापायांवरील सूज डोळ्यांपुढे येते, हा आक्षेप खरा आहे. परंतु ‘भिंत’ हा शब्द तो बराचसा दूर करतो. अहवाल समजावून सांगतानाही ‘काही नाही’ हे वाक्य पुरेसे नव्हे. ‘मानेतील रोहिणींच्या भिंती पाहिल्या, त्या जाड नाहीत, छातीतील महारोहिणी पाहिलेली नाही,’ असे सांगावे. न दिसलेले आणि नसलेले यांतील भेद राखणे हे भाषेचे काम आहे. तो भेद पुसला गेला, तर त्या तरुणीची पुढची तपासणी राहून जाईल.