धर्मयुद्ध ते अधांतर : उद्योगव्यापी संपाच्या अहिंसक स्वरूपाची चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय कामगार चळवळीवरील लेखनात संपाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला दिसतो. अर्थशास्त्राचे अभ्यासक मागण्या, वेतनवाढ आणि वाया गेलेले कामाचे दिवस यांचा हिशेब मांडतात. राजकीय इतिहासकार नेतृत्व, पक्ष आणि शासन यांच्या परस्परसंघर्षाकडे लक्ष वेधतात. संप हे अहिंसक प्रतिकाराचे साधन आहे, हे मात्र बहुधा गृहीत धरले जाते. हात न उगारता हात थांबविणे म्हणजे अहिंसा, एवढे म्हटले की चर्चा संपते. परंतु संपूर्ण उद्योग जेव्हा महिनोन्महिने थांबतो, तेव्हा त्यातून निर्माण होणारे दुःख कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न अहिंसेच्या विचाराला टाळता येत नाही.

या प्रश्नाच्या चिकित्सेसाठी येथे दोन कृती विचारात घेतल्या आहेत. महादेव देसाई यांचे ‘एक धर्मयुद्ध’ हे मूळ गुजराती पुस्तक १९१८ च्या अहमदाबादमधील गिरणी कामगारांच्या लढ्याचा वृत्तान्त आहे. जयंत पवार यांचे १९९७ मध्ये रंगभूमीवर आलेले ‘अधांतर’ हे नाटक मुंबईच्या १९८२ च्या संपानंतरच्या गिरणगावाचे चित्रण आहे. एक वृत्तान्त, दुसरे नाटक. एक यशाचे, दुसरे पराभवाचे. वाङ्मयप्रकार भिन्न असले, तरी पहिल्या कृतीत ओझरता आलेला प्रश्न दुसऱ्या कृतीचा गाभा बनला आहे. म्हणून त्यांचे एकत्रित वाचन आवश्यक ठरते.

‘एक धर्मयुद्ध’ : चार अटी आणि एक टोमणा

अहमदाबादच्या लढ्याचे निमित्त प्लेगच्या काळात दिला जाणारा जादा भत्ता बंद होणे हे होते. कामगारांची अपेक्षा पन्नास टक्के वाढीची होती. गिरणीमालक वीस टक्क्यांपुढे जाण्यास तयार नव्हते. गांधीजींनी परिस्थितीचा अभ्यास करून पस्तीस टक्क्यांची मागणी निश्चित केली. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी मालकांनी टाळेबंदी सुरू केली. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन असा हा विलक्षण सामना होता. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली सभा होत आणि अनसूयाबेन यांच्या नावाने पत्रके निघत.

या लढ्यासाठी गांधीजींनी चार अटी घातल्या होत्या : हिंसेचा आश्रय घ्यावयाचा नाही, कामावर जाणाऱ्यांना त्रास द्यावयाचा नाही, दानावर अवलंबून राहावयाचे नाही, आणि संप कितीही लांबला तरी दुसऱ्या प्रामाणिक श्रमाने पोट भरत निश्चय टिकवावयाचा. पहिल्या दोन अटी वर्तनाच्या आहेत. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. उरलेल्या दोन अटी निर्वाहाच्या आहेत, आणि संपाच्या अहिंसेची खरी कसोटी तेथे लागते. उपाशी माणसाची अहिंसा फार काळ टिकत नाही, याची जाण या अटींमागे आहे. आश्रमाच्या बांधकामावर रेती वाहण्याचे काम कामगारांना देण्यात आले, ते याच कारणाने.

देसाई यांनी नोंदविलेला एक प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. निश्चय डळमळू लागला असता एका चाळीतील कामगारांनी असा टोमणा मारला, की गांधीजींचे आणि अनसूयाबेन यांचे काय जाते? ते मोटारीतून येतात-जातात, उत्तम जेवतात. मरणाच्या यातना आम्ही सोसतो. १५ मार्चला गांधीजींनी आरंभलेला उपवास हे या टोमण्याला दिलेले उत्तर होते. तीन दिवसांत तडजोड झाली आणि पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पस्तीस टक्क्यांचा निवाडा दिला.

वृत्तान्तकाराने या प्रसंगाला नैतिक विजयाची पायरी म्हणून स्थान दिले आहे. चिकित्सक वाचनात मात्र दोन गोष्टी ठळक होतात. पहिली, संपातील क्लेशांची वाटणी विषम असते, ही तक्रार स्वतः संपकऱ्यांनी केली होती. दुसरी, त्या तक्रारीचे निवारण संपाच्या मार्गाने न होता उपवासाच्या मार्गाने झाले, आणि या उपवासाने स्नेहसंबंधातील मालकांवर दडपण आले, हा दोष गांधीजींनी स्वतःच मान्य केला. संपाची शक्ती अपुरी पडली तेव्हा दुसऱ्या साधनाची जोड द्यावी लागली, ही वस्तुस्थिती विजयाच्या वर्णनात झाकली जाते. टोमणा मारणाऱ्यांच्या घरात त्या दिवसांत काय घडत होते, याची नोंद वृत्तान्तात विस्ताराने येत नाही.

१९८२ : असहकाराची मर्यादा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वेतन आणि बोनस यांबरोबरच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यालाही त्यांचा विरोध होता. या कायद्याने एका उद्योगासाठी एकाच संघटनेला वाटाघाटींचा अधिकार दिला होता. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगारांचा विश्वास मात्र त्या संघावर उरला नव्हता. ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांच्याशी कायद्याने बोलता येत नाही आणि ज्यांच्याशी बोलता येते त्यांच्यामागे कामगार नाहीत, अशी कोंडी निर्माण झाली.

हा संप सर्वस्वी शांततेचा होता, असे म्हणता येणार नाही. कामावर जाणाऱ्यांवर हल्ले झाले, तसेच संपकऱ्यांवरही बळाचा वापर झाला. तथापि एवढ्या मोठ्या समुदायाने एवढा काळ काम नाकारले, यामागचे मुख्य बळ हिंसेचे नव्हते. ते गावाचे होते. असंख्य कामगार कोकणात आणि घाटावर आपल्या गावी परतले, शेतीवर आणि मजुरीवर जगले. गांधीजींची चौथी अट त्यांनी कोणी न सांगता पाळली.

मात्र याच ठिकाणी असहकाराची मर्यादा उघड होते. सहकार्य काढून घेतल्याने प्रतिपक्ष अडतो, तो त्याला त्या सहकार्याची गरज असेल तरच. १९१८ मध्ये युद्धकाळातील नफ्यामुळे अहमदाबादच्या मालकांना गिरण्या चालू हव्या होत्या. १९८२ पर्यंत कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे मोठ्या प्रमाणात वळले होते आणि मुंबईतील अनेक गिरण्या जुनाट यंत्रांवर चालत होत्या. जमिनीचा मुद्दाही येथे आणला जातो. परंतु काळाचा क्रम सांभाळूनच तो मांडला पाहिजे. गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोकळी झाली, २००१ च्या दुरुस्तीने ती मालकांसाठी रुंद झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. हा सारा आराखडा १९८२ मध्येच तयार होता, असे मानण्यास आधार नाही. थांबलेली गिरणी मालकाला पूर्वीइतकी महाग पडत नव्हती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. अशा स्थितीत दीर्घकाळ सोसण्याची क्षमता हेच संपाचे बळ आणि तीच त्याची शोकांतिका ठरली.

‘अधांतर’ : घरात उतरलेला संप

हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेण्यात आला नाही. कामगार धड संपावर नाही आणि धड बडतर्फही नाही, अशा अवस्थेत राहिला. जयंत पवार यांच्या नाटकाचे शीर्षक या अवस्थेचे अचूक नाव आहे.

गिरणगावात वाढलेल्या या नाटककाराने गिरणी, सभा किंवा मोर्चा रंगमंचाच्या केंद्रस्थानी आणला नाही. त्याने चाळीतील एक खोली निवडली. त्या खोलीतील धुरी कुटुंबात आई आहे. लेखक होऊ पाहणारा एक मुलगा आहे. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला नरू आहे. संपाच्या भाषणांतून जे सामूहिक होते, ते येथे एकेकट्याचे झाले आहे. भावंडांची एकमेकांवरील चिडचिड, पैशांवरून होणारी भांडणे आणि कोणालाच न सापडणारा मार्ग यांतून एक गोष्ट स्पष्ट होते : संपाने प्रतिपक्षावर न केलेली हिंसा नाहीशी झालेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे. ती उंबरठा ओलांडून घरात आली आहे आणि नरूच्या रूपाने पुन्हा रस्त्यावर गेली आहे. अहमदाबादच्या चाळीतील तो टोमणा येथे पूर्ण लांबीच्या नाटकाइतका विस्तारला आहे.

आईच्या व्यक्तिरेखेचे महत्त्वही याच संदर्भात आहे. गिरणगावातील संपांना घरातील आणि खाणावळीतील स्त्रियांनी उधारीवर पोसले. खाणावळ चालविणाऱ्या या स्त्रियांचे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभारले, तोपर्यंत त्यांच्या श्रमाला संघटित रूप नव्हते. दानावर अवलंबून न राहण्याची अट प्रत्यक्षात या स्त्रियांच्या उधारीवर उभी होती. आणि संप किती काळ चालवावयाचा, या निर्णयात त्यांना विचारले जात नव्हते. आईला केंद्रस्थानी ठेवून नाटकाने ही उणीव दृश्य केली आहे.

नाटकाची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. केवळ परिणामांचे चित्रण असल्यामुळे संप म्हणजे वरून कोसळलेले संकट, असा समज प्रेक्षकाचा होऊ शकतो. वास्तविक सामंतांकडे कामगार आपण होऊन गेले होते. लढ्याचा आग्रह खालून आला होता. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास या नाटकासोबत वाचला पाहिजे, कारण त्यात कामगार केवळ सोसणारा राहत नाही. तो स्वतःच्या निर्णयाविषयी बोलतो. ‘अधांतर’मधील माणसांजवळ दुःख आहे, पण त्यांनी कधी काळी केलेल्या निवडीची स्मृती क्षीण आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून उद्योगव्यापी संपाची अहिंसा तीन कसोट्यांवर तपासणे योग्य ठरते. संपकऱ्यांचे वर्तन ही पहिली. प्रतिपक्षाला त्यांच्या श्रमाची असलेली गरज ही दुसरी. संपाचे क्लेश सोसणाऱ्या सर्वांचा, विशेषतः घर चालविणाऱ्या स्त्रियांचा, निर्णयातील सहभाग ही तिसरी. प्रचलित चर्चा पहिल्या कसोटीवरच थांबते. ‘एक धर्मयुद्ध’ निर्वाहाचा प्रश्न उपस्थित करून नेत्याच्या त्यागात त्याचे उत्तर शोधते. ‘अधांतर’ ते उत्तर पुरेसे नाही, हे दाखवते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने सर्वच उद्योगांतील संपासाठी पूर्वसूचना आवश्यक ठरविली आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेल्या सामूहिक रजेचाही संपाच्या व्याख्येत समावेश केला. काम थांबविण्याचा सनदशीर मार्ग जितका अरुंद होतो, तितके थांबलेल्या कामाचे ओझे घरावर अधिक पडते. संपाचा हक्क राखणे जेवढे आवश्यक, तेवढेच तो कोणाच्या भाकरीवर चालतो, हे विचारणेही आवश्यक आहे. गिरणगावाने तो प्रश्न उशिरा विचारला. आणि तो विचारण्याचे काम कामगार संघटनेआधी एका नाटकाने केले, ही बाब साहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी सारख्याच गांभीर्याने घ्यावयास हवी.