इंग्रजी शब्दांतील समान अक्षरे आणि अर्थबोध : एक चिकित्सा

इंग्रजीचा शब्दसंग्रह वाढावा म्हणून समान अक्षरे असलेल्या शब्दांचे गट करून ते अर्थासह पाठ करावयास लावण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रूढ आहे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत तर अशा याद्यांची रेलचेल असते. अक्षरे समान असतील तर अर्थही जवळचा असणार, हे या पद्धतीमागचे गृहीतक होय. याच्या नेमके उलट टोक भाषाविज्ञानाच्या वर्गात दिसते. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांचा आधार देऊन तेथे शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असल्याचे सांगितले जाते व विषय संपविला जातो. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'जी-एल' या अक्षरांनी सुरू होणारे शब्द पाहावेत. ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लो, ग्लेअर, ग्लिमर हे सारे प्रकाशाशी निगडित, तर ग्लान्स आणि ग्लिम्प्स दृष्टीशी. अशा ध्वनिगुच्छांना जे. आर. फर्थ यांनी १९३० साली 'फोनेस्थीम' ही संज्ञा दिली. (तत्पूर्वी १९१९ ते १९२८ या काळात फर्थ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.) बेंजामिन बर्गन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की 'जी-एल' आणि प्रकाशाचा अर्थ या दोन्ही गोष्टी समान असलेल्या शब्दांपैकी एक आधी दाखविला, तर दुसरा अधिक लवकर ओळखला जातो. केवळ अक्षरे किंवा केवळ अर्थ समान असल्यास तेवढा परिणाम होत नाही. म्हणजे या गटाला इंग्रजी भाषकाच्या मनात काही एक अस्तित्व आहे, हे मान्य करावे लागते.

तथापि हा नियम नव्हे. ग्लव्ह आणि ग्लू या शब्दांत प्रकाश कोठे आहे? प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटिस याच दोन ध्वनींच्या संयोगात चिकटपणा व गोडी यांचा प्रत्यय असल्याचे सुचवितो, कारण ग्रीक भाषेत त्या अर्थाचे शब्द तसे आहेत. मराठी माणसाला या जोडाक्षराने प्रथम आठवते ती ग्लानी. आपला प्रकाश झगमग, झळाळी, लखलख, लकाकी, चकाकी अशा शब्दांतून येतो. तेव्हा तेज ध्वनीत उपजत नाही. ते त्या त्या भाषेच्या सवयीत आहे. ही सवय मराठी विद्यार्थ्याच्या कानाला नसल्यामुळे यादी पाठ करून ती लागेल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. ती वाचनानेच लागते.

ही सवय किती बलवान असते, याचे मनोज्ञ उदाहरण म्हणजे 'ग्लॅमर'. हा शब्द मूळचा 'ग्रामर'चा स्कॉटिश अपभ्रंश. विद्या, म्हणून गूढविद्या, म्हणून जादूटोणा असा त्याचा प्रवास झाला. वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे तो सर्वत्र पोहोचला आणि पुढे झगमगाटाच्या अर्थाने स्थिरावला. 'र'चा 'ल' झाला नसता तर ही दीप्ती त्याला लाभली असती का, हा प्रश्न पडतो. व्याकरणाच्या अध्यापकाने या घटनेचा थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही! 'स्नीझ'ची कथाही अशीच. शिंकण्यासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दाच्या आरंभी 'एफ-एन' ही अक्षरे होती. हा जोड भाषेत अनोळखी झाला आणि शब्द स्नोअर, स्निफ, स्नाउट, स्नॉर्ट या नाकाच्या कुटुंबात दत्तक गेला. येथे समान अक्षरे जन्माने आलेली नाहीत. अर्थाने ती ओढून घेतली आहेत. शब्दयाद्या हा भेद मुळीच दाखवीत नाहीत.

आणखी एक अडचण आपल्या लिपीची आहे. रिस्ट, रिंग, रेस्ल, रिगल यांच्या आरंभी लिहिला जाणारा 'डब्ल्यू' पिळणे-वळणे या अर्थाशी जोडलेला आहे, हे जॉन वॉलिस यांनी १६५३ सालच्या आपल्या इंग्रजी व्याकरणात नोंदविले होते. आज तो उच्चारात उरलेला नाही. नी, नकल, नॉब, नॉट या उंचवट्याच्या व गाठीच्या शब्दांतील 'के'चेही तेच. विद्यार्थी पुस्तकाच्या समासात देवनागरीत उच्चार लिहून ठेवतो, तेव्हा पिळण्याचा 'रिंग' आणि बोटातली 'रिंग' एकच होऊन बसतात. मूक अक्षर निरर्थक म्हणून टाकून देण्याची सवय आपणच त्याला लावतो.

सर्वांत गंभीर दोष मात्र धातूंच्या याद्यांत आढळतो. 'पी-ई-डी' म्हणजे पाय, हे सूत्र पेडल आणि पेडेस्ट्रियन या शब्दांना लागू पडते, कारण दोन्ही लॅटिनमधून आले आहेत. परंतु याच सूत्राने विद्यार्थी पीडिअॅट्रिशियनला पायांचा डॉक्टर ठरवील, तर चूक त्याची म्हणता येणार नाही. तेथील मूळ शब्द मूल या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. होमिसाइडमधील 'होमो' हा लॅटिन माणूस, तर होमोजिनिअसमधील ग्रीक 'होमोस' म्हणजे समान. समान अक्षरांची यादी देताना त्या शब्दाची भाषा सांगितली नाही, तर ती यादी साहाय्यक ठरण्याऐवजी सापळा ठरते. वस्तुतः ब्रिटिश लेखनात बालरोगतज्ज्ञाच्या शब्दात 'पी'नंतर 'ए' टिकून आहे आणि तेच अक्षर ग्रीक मूळ सुचविते. अमेरिकन लेखनाने ते गाळले. यादी देणाऱ्याने फळ्यावर ही दोन्ही रूपे शेजारी लिहून त्या एका अक्षराखाली रेघ मारली, तरी विद्यार्थ्याचा पाय आणि मूल यांतील घोटाळा बराच कमी होईल.