कपटी सोबती

नाटकांतला कपटी मनुष्य प्रेक्षकांस फसवीत नाहीं. 'ऑथेल्लो'तला इयागो पहिल्याच प्रवेशांत आपला द्वेष बोलून दाखवितो आणि पुढें स्वगतांतून बेतहि सांगतो. देवलांनीं १८९० सालीं त्याच नाटकावरून 'झुंझारराव' रचलें, तेव्हां मराठी प्रेक्षकांसहि ही जात ओळखीची झाली. फसतो तो नायक.

१९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळांत ही सोय नाहीं. सूत्रधार कथा चालवितो. मेजाभोवतींचे गडी हेच पात्रें आणि हेच प्रेक्षक. तेव्हां खलपुरुषानें स्वगत बोलावें कोणापुढें?

रोह्यास एका स्नेह्याच्या घरीं विद्यार्थ्यांचा असा डाव आम्हीं पाहिला. जखमींची शुश्रूषा करणारा वैद्यच अखेरीस वैरी ठरला. एक मुलगा कळवळून म्हणाला, "म्हणजे त्याचें औषधहि खोटेंच होतें?" मर्म येथेंच आहे. औषध खोटें असतें, तर ती नुसती लबाडी झाली असती. तें खरें होतें; गडी त्यानेंच जगले, आणि म्हणूनच त्यांनीं किल्ल्याचा दरवाजा त्याला उघडून दिला.

उणीव एकच राहिली. मागें वळून पाहतां सांपडावी अशी एकहि खूण सूत्रधारानें ठेविली नव्हती. त्यामुळें मुलांस आपण चुकलों असें न वाटतां आपणांस ठकविलें असें वाटलें. जेथें स्वगत नाहीं, तेथें खूण हेंच स्वगत.

परततांना पेणच्या एका कारखान्यांत गणपतीचे डोळे आखतांना पाहिले. ती रेघ सर्वांत शेवटीं पडते. परंतु तिची जागा मातींत आधींच घडलेली असते.